पाठवणीला सुटलेली धून

मी वाशिंदच्या कारखान्यात नोकरीला होतो आणि लग्नसराईत खर्डीच्या बँडपथकात सॅक्सोफोन वाजवायचो. वाद्य बँडमास्तरांचं, फुंकर तेवढी माझी. नव्वदच्या दशकात सिनेमाच्या गाण्यांच्या सॅक्सोफोन कॅसेटी मिळायच्या. त्या ऐकून आम्ही गाणी बसवायचो. तसलीच समजून कल्याणच्या फुटपाथवरून एक कॅसेट आणली. वर सॅक्सोफोन धरलेला परदेशी माणूस.

घरी लावली तर वाटलं, टेप अडकली. पेन्सिल घालून फिरवली, टेपरेकॉर्डरचं हेड कापसाने पुसलं, पुन्हा तेच. ताल नाही, धून नाही. गडी किंचाळत होता, गुरगुरत होता, मध्येच तान्ह्या पोरासारखा कण्हत होता. माझं डोकंच फिरलं. तांदूळ पाखडणारी आई सूप घेऊनच आत आली.

"कोन रडतं रे?"

"रडत नाय गो, वाजवतो."

ती उभ्यानेच ऐकत राहिली. "नाय रे, रडतोच हाय. लय दिवसांचं साठलेलं दिसतंय."

त्याला फ्री जॅझ म्हणतात, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तेव्हा फक्त एवढंच झालं की तो आवाज मानगुटीवर बसला. विहिरीमागच्या माळावर जाऊन मी तसा आवाज काढून बघायचो. एकदा कुणाच्या तरी हळदीत हौस म्हणून थोडा काढला आणि नाचणारे जागच्या जागी थांबले. मास्तरांनी सगळ्यांसमोर दम भरला, "परत धून सोडलीस तर सॅक्सोफोन हातात देनार नाय." मी कान पकडले. त्या वाद्यावाचून मला करमलं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

पुढच्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचं लग्न झालं. सासर मुरबाडकडे, वैशाखऱ्याला. बँड अर्थातच आमचा. पाठवणीची ठरलेली धून सुरू झाली. आई, मावश्या हेल काढून रडत होत्या. मी सख्खा भाऊ, पण गणवेश घालून रांगेत उभा, गालात हवा भरून. बहीण जीपपाशी थांबली आणि वळून तिने माझ्याकडे बघितलं. माझी धून तिथेच सुटली. पुढे जे निघालं ते ना गाणं होतं, ना काही. वऱ्हाडातले दोघे-तिघे कानावर हात ठेवून हसले. ताशेवाल्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी हात वर करून ताशा थांबवला. जीप वळणाआड जाईपर्यंत मी एकटाच वाजवत होतो.

मग मास्तर आले आणि त्यांनी हात पुढे केला. मी गळ्यातला पट्टा काढून सॅक्सोफोन देऊन टाकला. त्यांनी आपल्या रुमालाने तो सावकाश पुसला आणि परत माझ्या गळ्यात अडकवला.

"माघात माझ्या पोरीचं लगीन हाय," ते म्हणाले. "पाठवणीला असाच वाजव. मला काय रडता येत नाय."