हिरामणची पत्रं आणि सोनवणे तात्या

सोनवणे तात्या माझ्या क्लासमध्ये शिरायचे ते चपला दाराबाहेर काढून, चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसत. आणि खुर्चीत बसायच्या आधी त्यांचा एकच प्रश्न असायचा, “मॅडम, हिरामणचं काय आलंय का?” नवीन मुलींना वाटायचं, तात्यांचा कुणी पुतण्या-बितण्या सैन्यात असेल. त्या बिचाऱ्यांना काय माहीत, की हा हिरामण दीडएकशे वर्षांपूर्वी अमेरिकेत मरून गेलाय, त्याचं खरं नाव हायरम, आणि तात्या त्याची पत्रं वाचायला रोज सकाळी दहाला हजर होतात.

इंदापुरात तहसील कचेरीच्या मागे माझा टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास आहे. तात्या टपाल खात्यात सॉर्टर होते. म्हणजे पत्त्यावरून पत्रांची गावोगाव वाटणी करणारे. चौतीस वर्षं दुसऱ्यांचं अक्षर लावण्यात गेली, त्यामुळे डॉक्टरची चिठ्ठी असो नाहीतर मोडीतला दाखला, तात्या नुसतं बघून सांगायचे. नोकरी करता करता बाहेरून बी.ए. केलेलं, तेही इंग्रजी घेऊन. पुण्याच्या नातीनं त्यांना मोबाइलवर एक गंमत दाखवली. अमेरिकेतल्या कुठल्याशा ग्रंथालयानं जुन्या घराण्यांच्या पत्रांचे फोटो इंटरनेटवर ठेवले होते, आणि जगातल्या कुणीही ती वाचून टाइप करून द्यावीत अशी विनंती केली होती. मोबाइलवर तात्यांना दिसेना, म्हणून ते माझ्याकडे आले. मी म्हटलं, दोन दिवस बसतील आणि कंटाळतील. अहो कसलं काय! अडीच वर्षं बसले.

ती पत्रं बघून माझं डोकंच फिरलं होतं. कागद वाचवायला त्या लोकांनी पान आडवं लिहून झालं की त्याच पानावर उभं लिहिलेलं. नुसतं जाळं. मी म्हटलं, हे माणसानं वाचायचं तरी कसं? तात्या म्हणाले, “आपल्याकडं निळ्या आंतरदेशीय पत्राच्या घडीवरबी लिवायचीच की माणसं. सांगायचं जास्त आन् कागद कमी, दुसरं काय.” अक्षर लागेना झालं की ते हात मांडीवर ठेवून गप्प बसायचे. मी मागून घाई केली की म्हणायचे, “अक्षर वंगाळ नसतंय मॅडम. वाचणाऱ्याला घाई असती.” हे मला उद्देशून असायचं हे सांगायला नकोच. माझा हात शिवशिवतो. चूक दिसली की ती खोडल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि वीस वर्षं मुलांचं टायपिंग तपासून तो रोग वाढतच गेलाय.

हळूहळू मलाही त्या घराची माहिती झाली. हायरम तिकडच्या एका राज्याच्या विधानसभेत निवडून गेलेला, मेंढरं पाळणारा शेतकरी. त्याची बहीण लिडिया गावाकडे. तो बहिणीला सभागृहातलं राजकारण लिहायचा, ती त्याला मेंढरांची दुखणी लिहायची. एकदा मेंढरांच्या पायाच्या कसल्याशा रोगावर तात्या अडले. आमच्या घरात वडिलांपर्यंत मेंढरं होती, मी फोन करून त्यांना लक्षणं सांगितली, आणि वडिलांनी खूर सडण्याचा रोग ओळखून वर औषधही सांगितलं. तात्या खूश. “आता हे हिरामणला कळवायचं कसं, एवढंच राहिलं,” म्हणाले.

मग भावाबहिणीचं बिनसलं. पळून आलेल्या गुलामांना धरून पुन्हा मालकाकडे पाठवायचा कायदा तिकडे होता. देश फुटायला नको म्हणून हायरमनं सभागृहात त्या कायद्याला पाठिंबा देणाऱ्या ठरावावर हात वर केला. आणि इकडे लिडिया तसल्याच पळून आलेल्या माणसांना आपल्या कोठारात लपवून ठेवून जेवू घालत होती. तिनं चार ओळींचं पत्र लिहिलं, की ज्या दिवशी तू हात वर केलास त्या दिवसापासून मला भाऊ नाही. ते पान टाइप करून तात्यांनी चष्मा काढला. मी विचारलं, कुणाचं बरोबर? ते म्हणाले, “लिडियाबाईचं. त्यात बोलायचंच काम न्हाय. माणूस धरून देत्यात व्हय?” आणि चष्मा पुन्हा चढवत, “पन हिरामणनं लिवायचं सोडलं न्हाय बघा.”

खरंच सोडलं नव्हतं. उत्तर नाही, तरी पत्रामागून पत्र. बर्फ किती पडला, सफरचंदं कशी धरली, राजधानीतल्या खानावळीतला पाव कसा चिवट असतो. राजकारणाचा एक शब्द नाही. बहिणीच्या उत्तराची वाट हायरम बघत होता आणि त्याच्याबरोबर इंदापुरात तात्या बघत होते. ग्रंथालय नवीन पानं टाकायचं तेव्हा ते आधी खाली सही बघायचे.

ही नुसती हौस नाही, हे मला उशिरा कळलं. तात्यांचे आईवडील ते लहान असतानाच गेले. थोरल्या बहिणीनं, अक्कानं, त्यांना आपल्या सासरी लोणी भापकरला नेलं, शाळेत घातलं. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतरची ती माणसं. पोरगं शिकलं पाहिजे हे त्या न शिकलेल्या बाईच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली आणि हे शिकले. चौदा वर्षांपूर्वी अक्काचा मुलगा ग्रामपंचायतीला उभा राहिला. ज्या पॅनलकडून उभा राहिला ते पॅनल तात्यांना पटेना. गप्प बसावं की नाही? नाही. हे इथून एसटीनं लोणी भापकरला गेले आणि विहारापुढे उभं राहून भाच्याविरुद्ध बोलले. भाचा थोडक्यात पडला. अक्का म्हणाली, माझ्या पोराला पाडलंस, आता माझ्या दारात पाय ठेवू नगंस. त्या दिवसापासून तात्यांनी ठेवला नाही.

मी म्हटलं, तात्या, अहो दुसऱ्यांची पत्रं वाचण्यात जन्म गेला तुमचा, स्वतः एक लिहायला काय झालं? तेव्हा ते चिडले. एवढ्या वर्षांत एकदाच.

“अक्काला वाचता येत न्हाय, मॅडम. तिला वाचून दाखवणार कोण? ज्याला पाडलं त्योच.”

फोनचंही तेच. फोन भाच्याच्या हातात.

मग एका सकाळी तात्यांनी हायरमच्या नावचं नवं पान उघडलं. अक्षर लिडियाचं नव्हतं, कुणा परक्याचं होतं, आणि कागदाचा वरचा कोपरा फाटलेला होता. तात्या खुर्ची मागे सारून उभेच राहिले. हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं, आपल्याकडे मयताची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडून टाकायचे. ते कार्ड घरात न्यायचं नाही, दाराबाहेर वाचायचं आणि तिथंच फाडायचं. सॉर्टर म्हणून तात्या अशी कार्डं गठ्ठ्यातून काढून सगळ्यात वर ठेवायचे, म्हणजे ती आधी पोचावीत. त्यांनी त्या पानातलं एक अक्षर वाचलं नाही. शेरा लिहायच्या चौकोनात इंग्रजीत ‘मृत्यूची बातमी’ एवढं टाइप केलं आणि म्हणाले, “बाई गेली. हिरामण बसला वाट बघत.” चपला घातल्या. पायरीवरून परत वळून म्हणाले, “मी उद्या पयल्या गाडीनं लोणी भापकरला जातो. अक्कानं हाकललं तर हाकललं.”

इथं मी काय करायला हवं होतं, ते आज मला पुरतं कळतं. पण तेव्हा मला दिसली फक्त चूक. तात्यांसारखा माणूस न वाचता शेरा मारतो म्हणजे काय? संध्याकाळी क्लास सुटल्यावर मी ते पान उघडलं आणि डिक्शनरी घेऊन दोन तास लावत बसले. तिकडे मयताच्या पत्राला काळी कड असायची, कोपरा फाडायची पद्धतच नव्हती. हा कोपरा लाखेचं सील फोडताना गेला होता. पत्र लिडियाच्या भाचीचं होतं. मावशीचा हात मुरगळलाय म्हणून मी लिहिते, मावशी बरी आहे, तिनं परवा स्वयंपाकघराला चुना लावून घेतला, आणि तुमच्यावरचा तिचा राग मात्र तसाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या स्टँडकडे निघालेले. धुतलेला पांढरा सदरा, हातात पिशवी, पिशवीत अक्कासाठी घेतलेलं लुगडं. मी मुद्दाम लवकर येऊन क्लासच्या दारात उभी होते, तिथूनच हाक मारली. मोठ्या तोऱ्यात मारली, खोटं कशाला बोलू. त्यांना आत बसवलं आणि पत्र वाचून दाखवलं. लिडिया जिवंत आहे म्हटल्यावर त्या माणसाचा चेहरा असा उजळला, की मलाच भरून आलं. चुना लावल्याचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

“अजून तापलेली हाय म्हंजे धडधाकट हाय,” म्हणाले. “आमची अक्काबी त्याच वाणाची. मग आज कशाला उगाच? बुद्धपौर्णिमेला जातो. त्या दिवशी कुणी कुणाला दारातनं माघारी लावत न्हाय.” मी चहा मागवला. स्टँडवरून गाडी निघून गेली आणि आम्ही दोघं लिडियाच्या भाचीच्या अक्षराचं कौतुक करत बसलो.

पौर्णिमेला सतरा दिवस असताना अक्का गेली.

पुढचं आधीच सांगून टाकते. तात्या त्यानंतर आठ-नऊ महिने येत होते. हायरमची उरलेली सगळी पत्रं त्यांनी पुरी केली. लिडियाचं उत्तर त्यात कुठंच निघालं नाही. गेल्या हिवाळ्यात तात्याही गेले, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. आजही सकाळी दहा वाजले की मला त्यांची फार आठवण येते. कुणीतरी यावं आणि हिरामणची चौकशी करावी असं वाटतं. इतकं वाटतं, की त्या वेळेला मी मुलांवर उगाचच खेकसते.

पण मला जास्त छळतो तो अक्का गेली तो दिवस. गावाकडच्या कुणा ओळखीच्याचा फोन आला आणि तात्या घरी न जाता थेट क्लासमध्ये आले. मी गाडी काढली. भिगवणवरून वळलो. बारामतीच्या एमआयडीसीजवळ कारखान्यांची पाळी सुटली होती, मोटरसायकलींच्या गर्दीत आम्ही अडकलो. तिथं मी म्हटलं, तात्या, त्या दिवशी मी तुम्हाला हाक मारायला नको होती. ते बाहेरच बघत होते.

“तुमी खरं तेच सांगितलं,” म्हणाले. “मला बसायला निमित्त पायजे हुतं. तुमी न्हाय तर दुसऱ्या कुणी दिलं असतं.”

आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. भाचा तात्यांच्या पाया पडला आणि खालमानेनं म्हणाला, की तुमी याल असं वाटलं न्हाय, म्हणून थांबलो न्हाय. पडवीत बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती जळत होती. तात्या भिंतीला टेकून बसले. आतून एक तरुण सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. भाच्याच्या मुलाची बायको, लग्न होऊन सहा वर्षं झालेली. तिनं पदर सावरून विचारलं, पाव्हणं कुठलं म्हणायचं?

“इंदापूरचा,” तात्या म्हणाले. “अक्काचा धाकटा भाऊ.”

ती पोरगी गोंधळली. तिनं एकदा आत बघितलं, एकदा त्यांच्याकडे. “आजींना भाऊ हाय? आमाला कवा म्हायतीच न्हाय.”

तात्या तांब्यातलं सगळं पाणी प्यायले. मग तांब्या तिच्या हातात परत दिला.

“म्हायती कशी असंल, बाळा,” ते म्हणाले. “मी आलोच न्हाय.”