अंगणातला कॅमेरा

आमच्या कुरुंद्यात वायफाय बसवणारा तो माणूस चहासुद्धा उभ्यानंच पितो. पुढं सगळं घर मोबाइलवर चालणार, आत्ताच आमच्या कंपनीचे शेअर घ्या, असं भेटेल त्याला सांगतो. वाळत्या हळदीवर नजर ठेवायला त्यानं आमच्या अंगणात कॅमेरा लावला. काल चहाच्या हॉटेलात लोकांना शेअरसाठी पटवताना त्यानं मोबाइलवर आमचं अंगण दाखवलं. मी तिथं केस धूत होते. हॉटेलात बसलेल्या दिरांनी ते पाहिलं, जाऊबाईनं मला सांगितलं.

आज तो आल्यावर मी म्हणाले, "कॅमेरा काढा."

"वहिनी, लाजता काहून? लोक खूश होऊन राहिले!"

"मग तुमच्या बायकोच्या न्हाणीपुढं लावा अन् दाखवा."

मी शिडी आणली. तो वर चढला आणि कॅमेरा खाली येईपर्यंत मी ती धरून उभी राहिले.