माझा शूर खांदा

आमच्या घराण्यात दुखलं तरी 'दुखतं' म्हणायची पद्धत नाही. वडील परभणीहून रेल्वेच्या नोकरीसाठी सिकंदराबादला आले, तेव्हा ट्रंकेसोबत हा बाणाही घेऊन आले. वारशात मला तेवढाच मिळाला. (ट्रंक भावानं नेली.)

आमच्या नल्लकुंट्याच्या फ्लॅटमध्ये कूलर सरकवताना माझा उजवा खांदा निखळला होता. दवाखान्यात तो बसवून आणल्यापासून मी 'ठणठणीत आहे' एवढंच सांगत आलो. इकडे माझी लेक स्नेहल फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला पोचली. आमच्या खानदानातली पहिली डॉक्टर! (फिजिओला डॉक्टर म्हणू नका, असं ती सांगते. मी ऐकत नाही.)

एका संध्याकाळी ती पुस्तक उघडून रडकुंडीला आली होती. दुसऱ्या दिवशी तिचं प्रॅक्टिकल होतं, आणि सैल खांद्याची तपासणी काही जमत नव्हती. सरावाला मिळायचे मैत्रिणींचे खांदे, तेही सगळे धडधाकट. मी छाती फुगवून माझा खांदा देऊ केला. नांदेडहून आलेले मेव्हणे चहाचा कप घेऊन समोरच बसले.

"पप्पा, अंग हल्लू सोडा," म्हणत तिनं मला दिवाणावर उताणं झोपवलं, हात बाजूला घेतला आणि कोपर वाकवून मनगट सावकाश मागं न्यायला लागली. खांदा आता सुटतो की मग सुटतो, असं मला झालं! पण मेव्हणे बघत होते. शिवाय माझा हिशेब सरळ होता: बाप ओरडला तर पोरीचा हात जड, बाप हसला तर पोरगी पास.

"पप्पा, भीती वाटते का?"

"भीती? मला?"

दाजी म्हणजे वाघ आहेत, असं मेव्हणे म्हणाले. मी आणखी रुंद हसलो. स्नेहलनं पुन्हा करून बघितलं, मग हात सोडून खालीच बसली. तिचे डोळे भरले होते.

"एकदा निखळलेला खांदा, तरी मला सापडत नाही. मेरेकू नै जमता ये. मी जातच नाही उद्या."

या तपासणीत पेशंटची भीतीच शोधायची असते, हे तिनं तेव्हा सांगितलं. म्हणजे मी हसून हसून लेकीला नापास करत होतो!

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "ह्यांच्या तोंडाकडे बघू नको. तोंड खोटं बोलतं. डावा हात बघ."

डाव्या हातानं चादर गच्च आवळली होती. आता लपवण्यात अर्थ नव्हता. स्नेहलनं पुन्हा हात मागं नेला आणि मी मेव्हण्यांसमोर मोकळेपणानं बोंब ठोकली. त्यांचा चहा सांडला, स्नेहलचा चेहरा उजळला. मग तिनं खांद्यावर पुढून तळहात दाबून धरला आणि हात तसाच मागं नेला. भीती पार गेली! त्या तळहाताचा मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणीच आलं. मेव्हण्यांना वाटलं, दुखतंय.

स्नेहल पास झाली, आणि तेही वर्गात पहिली. पुढं तिनं माझ्याकडून रोज व्यायाम करून घेतले. आता शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, कुकटपल्लीहून तिच्या ज्युनिअर मुली माझ्यावर सराव करायला येतात. परवा एकीनं हात मागं नेला, तर मला काहीच वाटेना. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मला बघवेना, म्हणून मी जीव खाऊन ओरडलो.

स्नेहलनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि तिला म्हणाली, "खांदा पक्का आहे. पेशंटचा भरवसा नाही."