जगदाळेकाका आणि लाल पंप

जगदाळेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागत आणि तो घोट तोंडात घोळवत बसत. डोळे मिटलेले, भुवया वर चढलेल्या. इकडे चहा गार होई, यजमान अवघडून जाई, पण काकांचं आपलं चालूच. मग घोट गिळून निकाल देत, "वरच्या फलियाचं. आमचंच आहे." फलिया म्हणजे आमच्या भागातली भिल्लांची वस्ती, आणि 'आमचंच' म्हणजे काकांनी उन्हात उभं राहून खोदून घेतलेल्या बोअरचं. धार जिल्ह्यातल्या गंधवानीच्या आसपासच्या डोंगरांत त्यांच्या हाताखाली बसलेले हातपंप जागोजागी होते. सरकारच्या पाणीखात्यातला हा उपअभियंता त्या पंपांबद्दल अशा सुरात बोले, जसं आपण लेकीबाळींबद्दल बोलतो.

मी मूळची देवासची. वडील साताऱ्याहून कारखान्यातल्या नोकरीसाठी आले ते तिथेच राहिले. नव्वदीच्या सुरुवातीला मला शिक्षिकेची नोकरी लागली ती थेट गंधवानीकडच्या एका लहानशा कसब्यात. शाळा हिंदी, बाजार भिली-निमाडी, आणि मराठी बोलायला भिंत. दुसऱ्याच दिवशी एक राजदूत मोटारसायकल फटफटत दारात आली. वर पिकल्या मिशांचे गृहस्थ, हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. "आमच्या मंडळींनी धारहून पाठवली आहे," ते म्हणाले. "देवासच्या का तुम्ही? म्हणजे कारखान्याबरोबर आलेले. आम्ही घोड्यांवरून आलो." त्यांचे पूर्वज धारच्या दरबारात चाकरीला होते, हे सांगायची ही त्यांची रीत. मी काही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हे. "घोडे कुठे बांधलेत?" मी विचारलं. त्यांनी राजदूतच्या टाकीवर थाप मारली आणि पोट धरून हसले. त्या दिवसापासून मी त्यांची 'मास्तरीणबाई' झाले.

पंपांचा एवढा अभिमान का, ते त्यांनी मला हळूहळू सांगितलं. ते नोकरीला लागले तेव्हा या भागात नारू होता. पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर येई, तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, आणि मध्येच तुटला तर पाय नासायचा. कसब्याच्या कडेला थावरीबाईच्या फलियात एक बावडी होती, पायऱ्यांची विहीर. तेच नारूचे पाय घेऊन माणसं पायऱ्या उतरत, पाण्यात उभी राहत, आणि तेच पाणी सगळे पीत. काकांनी ती बावडी धोंडे आणि काटे टाकून बुजवली आणि तिच्यासमोर हातपंप बसवला. तेव्हा सगळ्यांत मोठा दंगा केला तो थावरीबाईने. ही फलियाची दाई, हातात चांदीचं कडं, आणि आवाज असा की बाजाराच्या या टोकाला भांडली तर त्या टोकाचा माणूस माफी मागेल.

पण नारू गेला. मग त्याच थावरीबाईने पंपाला सिंदूर लावला, नारळ फोडला. आमच्या भागात बाळंतीण विहिरीची पूजा करायला जाते, तिला जलवा म्हणतात. बावडी बुजल्यावर बाळंतिणी पंपाशी येऊ लागल्या. काकांना याचं कोण कौतुक! "आमच्या घराण्यात एवढा मान दरबारातही कुणाला मिळाला नाही, मास्तरीणबाई," ते म्हणत.

माझ्या वर्गातल्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. एकदोघांच्या नाही, फलियातल्या जवळजवळ सगळ्यांच्या. थावरीबाईचा नातू कैलाश तर प्रार्थनेला भिंतीचा आधार घेऊन उभा राही. त्याचे गुडघे बाहेर वाकत चालले होते. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं, दात बघितले आणि म्हणाले, "पाणी तपासून घ्या. यात फ्लोराइड असणार, त्यानेच दात आणि हाडं जातात." संध्याकाळी काका आले तेव्हा मी त्यांना ते सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"आमच्या पाण्यात?"

"डॉक्टर म्हणाले तसं."

"त्यांनी चव घेऊन बघितली का?"

"काका, त्याला चवच नसते म्हणे."

ते उठले, राजदूतला किक मारली आणि गेले ते सबंध पावसाळा फिरकले नाहीत. मलाही राग आला. म्हटलं, बसा घोळवत.

दसरा झाला आणि एका संध्याकाळी ते दारात उभे. लेकीच्या सासरहून वाईट निरोप यावा तसा चेहरा. आपल्या पंपांचं पाणी त्यांनी स्वतः बाटल्यांत भरून भोपाळला नेलं होतं. "तुमचे डॉक्टर खरं बोलले," ते म्हणाले. "पाणी खोटं बोलत नाही. आम्ही त्याला विचारलंच नव्हतं." जितकं खोल जावं तितकं इथल्या खडकातून हे पाण्यात जास्त उतरतं, असं त्यांना तिथे समजलं होतं. "आणि आम्ही खोल गेलो हो. मोठ्या फुशारकीने खोल गेलो." मी चहा टाकला. त्यांनी पाणी मागितलं नाही, ते मला फार लागलं.

वरून हुकूम आला की खराब पंप लाल रंगवावेत, म्हणजे लोक ते पाणी पिणार नाहीत. एक रंगारी आला, पंप रंगवून गेला. फलियात कुणी कुणाला काही सांगितलं नाही. पुढच्या हाटाच्या, म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी मी तिकडून जाताना पाहते तर पंपाला हार, उदबत्त्या, आणि पाण्याला नेहमीपेक्षा जास्त गर्दी! शेजारच्या फलियातल्या बायकाही हंडे घेऊन आलेल्या. थावरीबाईचा चेहरा फुललेला.

"बाई, अब तो सरकार ने भी मान लिया," ती म्हणाली. "देख, सिंदूर चढ़ाके गई."

तिथे प्रत्येक शेंदरी धोंडा देव असतो. लाल रंग म्हणजे माता. मला आधी हसू फुटलं, पण ते लगेच विरलं, कारण थावरीबाईच्या मागे कैलाश उभा होता आणि गटागटा पाणी पीत होता.

काकांना सांगितलं तर तेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि मग डोकं धरून बसले. "भोपाळात लाल म्हणजे थांबा. इथे लाल म्हणजे या, बसा, नारळ फोडा. हे आमच्याही टाळक्यात आलं नाही." ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "जगदाळे, रंग लावला ना? विषय संपला." काका साहेबांची नक्कल हुबेहूब करत. नक्कल झाली आणि ते गंभीर झाले. "पंपाचं हत्थंच, दांडाच काढून आणतो. बघू मग कसा विषय संपतो."

त्यांनी पाना घेतला आणि फलियात जाऊन नटबोल्ट सैल करायला बसले. थावरीबाई आली आणि पंपाच्या ओट्यावर मांडी घालून बसली. मी तिथेच होते.

"साब, बावड़ी किसने बंद की थी?"

"मैंने."

"क्यों?"

"नारू था उसमें."

"पंप किसने लगाया?"

"मैंने."

"और अब पंप कौन बंद करे?"

"मैं ही, थावरीबाई."

"तो पिएँ क्या? तेरा पसीना?"

सगळे हसले. काकाही हसले असते, एरवी. काकांनी तिला सगळं सांगितलं, दातांचं, गुडघ्यांचं, खडकाचं. कैलाशला पुढे बोलावून त्याचे पाय दाखवले. थावरीबाईने नातवाला जवळ ओढून त्याचे गुडघे चाचपले. "ये बात रंगवाले के साथ क्यों नहीं भेजी?" तिने विचारलं. काकांनी पाना पिशवीत टाकला. "बावड़ी मैं खोलूँगा," ते म्हणाले. "खुलेगी तब हत्था निकालूँगा. तब तक बच्चों को नाले की झिरी का पानी, उबालके."

बावडी बुजवायला मंजुरी मिळाली होती, उघडायला कुठल्याच योजनेत जागा नव्हती. काकांनी रजा टाकली. दोन मजूर घेतले आणि स्वतः लंगोट-बनियनवर आत उतरले. गाळ, साप, काटे, आणि त्यांनीच टाकवलेले धोंडे. एकेक धोंडा वर पाठवताना शिव्या घालत, "कोण गाढवाने टाकला हा?" आणि मग आपणच, "आम्हीच." ताप आला तरी ऐकेनात. शेवटी मी धारला निरोप पाठवला आणि काकू आल्या. बावडीच्या काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "जन्मात घरची मोरी कधी धुतली नाही, अन् इथे बघा!"

खालून आवाज आला, "घरची मोरी आम्ही बुजवली नव्हती!"

काकू काठावरच बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी थावरीबाईचा मुलगा, कैलाशचा बाप, टोपली घेऊन खाली उतरला. त्याच्यामागून फलिया आला. आता काकांनी पायऱ्यांवर भिंत घातली, म्हणजे कुणाचा पाय पाण्याला लागू नये. वर कठडा, कठड्यावर रहाट. पाणी तपासून आणलं, ते चांगलं निघालं. तरी हंडे पंपाशीच लागत. बावडीचं नाव काढलं की म्हातारी माणसं पोटऱ्यांवरचे नारूचे वण दाखवत. ही भीती काकांनीच घातली होती आणि चांगली रुजवली होती.

त्याच सुमारास थावरीबाईची सून, कैलाशची आई, बाळंत झाली. मुलगी. जलव्याच्या दिवशी बायका गात निघाल्या. एकीकडे लाल पंप, समोर बावडी, मध्ये काका उभे. हातातल्या पिशवीत पाना. थावरीबाई पंपाशी गेली, त्याला कुंकू लावलं, हात जोडले आणि मागे वळून म्हणाली, "हत्था अब निकाल ले, साब. माता से मैं बात कर लूँगी." आणि सुनेला घेऊन बावडीकडे चालू लागली. काकांनी पाना काढला आणि पहिला नट फिरवला.

मग पुढे प्रत्येक फलियात हेच. कुठे ऐकलं, कुठे हाकललं. एका ठिकाणी राजदूतची हवा सोडली आणि काका ती ढकलत परत आले. "नाही म्हणाले ना? मग उद्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. निवृत्त होऊन धारला गेले तरी दर जुलैत शाळा उघडली की बसने येत आणि माझ्या वर्गात खुर्ची टाकून बसत. "चलो, दाँत दिखाओ." पोरं दातांबरोबर जिभाही दाखवत. नव्या पाण्याचा गुण आला का, हे दुधाच्या दातांवरून समजत नाही, त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे पुढचे पक्के दात यावे लागतात, असं त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. "बोअर मारलं की संध्याकाळी पाणी कळायचं," ते म्हणत. "इथे एका दाताची सहा-सात वर्षं वाट बघा." आणि ते वाट बघत होते.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते अंथरुणाला खिळण्याआधी शेवटचे आले तो जुलै मला लख्ख आठवतो. जलव्याची ती मुलगी, रेशम, माझ्याच वर्गात होती. आदल्या जुलैत तिच्या तोंडात नुसती खिडकी होती. आजीवर गेलेली. तोंड उघडेना.

"पहले तू दिखा," ती काकांना म्हणाली.

काकांनी मुकाट्याने कवळी काढून हातावर ठेवली. रेशम खदाखदा हसली आणि त्या हसण्यात आम्हाला तो दिसला. अर्धाच वर आलेला, करवतीसारख्या कडेचा, नवा दात.

"मास्तरीणबाई, पांढरा आहे ना? नीट बघा. आमच्या डोळ्यांचा भरवसा नाही."

"पांढराशुभ्र आहे, काका."

ते सगळ्या वर्गासमोर रडले. मीही रडले. मुलांना काही समजेना, ती आपापले दात चाचपू लागली.

मला वाटलं, आता म्हातारा सुखाने घरी जाईल. पण त्यांनी विचारलं, "हिला शाळेत कोण सोडतं?" कैलाश सोडत असे. तो बाहेर पायरीवर बसला होता, शेजारी काठी. तरणाबांड मुलगा, बसस्टँडवर सायकलींचं दुकान चालवायचा, आणि गुडघे धनुष्यासारखे. काका त्याच्याशेजारी जाऊन बसले.

"तेरे पैर मेरे पंप ने टेढ़े किए, बेटा."

कैलाशने काठी मांडीवर आडवी घेतली. "मेरे बाप को नारू निकला था, साब," तो म्हणाला. "मुझे तो नहीं निकला."

मनात आलं, देवाने याहून मोठी माफी कुणाला दिली असेल? काकांनी मात्र ती घेतली नाही. छत्री जमिनीवर आपटून म्हणाले, "नारू नहीं निकला, वो ठीक. पैर तो टेढ़े हैं ना?" मग विचारलं, "ऊपरवाले फलिये का पंप बंद है?"

कैलाशने मान खाली घातली. "किसी ने फिर हत्था लगा लिया, साब. गर्मी में बावड़ी का पानी कम पड़ा था."

"चल, दिखा."

दोघे उठले. एकाची छत्री, एकाची काठी. एकाला वयाने चालवत नव्हतं, दुसऱ्याला पायांनी. चढाला लागले तेवढ्यात स्टँडवरून धारच्या बसचा हॉर्न आला. मी फाटकातून ओरडले, "काका, बस!"

त्यांनी मागे न बघता हात वर केला. "पुढच्या बसने जातो!"

त्या दिवशी धारला जायला पुढची बस नव्हती, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.