तळ्याकडची खोली

"दोन्ही हात हॉटेलच्या काउंटरवर ठेवायचे, हसायचं आणि चांगली खोली मागायची. लाजायचं नाही." असं म्हणून ते स्वतःचे दोन्ही तळवे टेबलावर ठेवून दाखवायचे. परदेशी निघालेला इंजिनियर पासपोर्ट सांभाळत समोर उभा असायचा आणि मागे प्रिंटर खडखडत असायचा. मग ते विचारायचे, "कळलं का? करून दाखवा." आणि खरंच करून दाखवायला लावायचे! आमच्या हडपसरच्या कंपनीतून जे म्हणून कुणी युरोपात गेलं, त्या प्रत्येकानं ही कवायत केलेली आहे. मी दोनदा केली, कारण पहिल्यांदा माझं हसणं त्यांना पटलं नव्हतं.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. कंपनीत साठ वर्षांच्या डायरेक्टरलाही नावानं हाक मारायची पद्धत होती, पण ह्या पन्नाशीच्या माणसाला नावानं हाक मारायची कुणाची जीभ रेटली नाही. हुद्दा म्हणाल तर ट्रॅव्हल डेस्क. तिकिटं काढायची, व्हिसाचे कागद लावायचे, हॉटेलं ठरवायची. स्वतः ते कधी देशाबाहेर गेले नव्हते. विमानातही एकदाच बसले होते, आणि तेही नागपूरला जायला.

तरी युरोपातल्या हॉटेलांबद्दल त्यांना जे ठाऊक होतं ते तिथं राहून आलेल्या आम्हाला ठाऊक नसायचं. कारण साधं होतं. परत आलेल्या प्रत्येकाला त्यांच्या टेबलासमोर हजेरी द्यावी लागे. आपण आणलेल्या चॉकलेटांतलं एक ते उचलायचे, काकूंसाठी खणात टाकायचे आणि लांबट बांधणीची वही उघडायचे. प्रश्न तीनच. खोली नंबर काय? न्याहारीला काय होतं? खिडकीतून काय दिसलं? तिसऱ्या प्रश्नाला कुणी "काही खास नाही" म्हटलं की संपलंच. "अहो, काहीतरी दिसलंच असेल ना? डोळे मिटून राहात होता का?"

तुमच्यापैकी जे त्या काळात आयटीत होते त्यांना आठवत असेल. कंपनीच्या कामासाठी महिनोन्‌महिने एकाच साखळीतल्या हॉटेलांत राहिलं की आपल्या नावावर पॉइंट जमायचे. पुढं त्या पॉइंटांवर फुकट खोली मिळायची. आमच्यातल्या निम्म्यांना ते वापरायचे कसे हेच कळत नसे. काकांना मात्र ती विद्या मुखोद्गत होती. त्यांची आई मंडईत भाजीचा गाळा चालवायची, त्यांचं सगळं लहानपण तिथंच गेलं. "फुकटाची खोली वांग्यासारखी असते," ते म्हणायचे. "वरून सगळीच चकचकीत. उलटं करून देठ बघायचं." हॉटेलचं देठ म्हणजे मागची बाजू. नकाशावर ते आधी मागची गल्ली शोधायचे.

एकानं विमानतळाशेजारचं हॉटेल धरलं होतं, पॉइंट कमी लागतात म्हणून. काका म्हणाले, "बायकोला घेऊन विमानं मोजत बसणार का?" दुसऱ्याला पॅरिसात एका रात्रीत सगळे पॉइंट उडवायचे होते. त्याला त्यांनी शांतपणे बसवलं, तेवढ्याच पॉइंटांत प्रागला चार रात्री मिळतात आणि चार घेतल्या की पाचवी वर मिळते, हे समजावलं, आणि म्हणाले, "जिथं खोली महाग तिथंच पॉइंट वापरायचे. स्वस्त असेल तिथं सरळ पैसे टाकावेत माणसानं. आता बघा, पॅरिसला बाकावर झोपायचं असलं तर माझी हरकत नाही." तो गपचूप प्रागला गेला. आल्यावर पेढे घेऊन आला.

माझी पहिली परदेशवारी स्वित्झर्लंडातल्या एका तळ्याकाठच्या गावी झाली. पाच आठवडे. परत आल्यावर मी त्यांना सांगितलं, की खिडकी उघडली की खाली तळं. सात वाजता बोटीची घंटा वाजते, बदकं रांगेनं काठाला येतात आणि एक म्हातारा त्यांना पाव घालतो.

"त्याच्या अंगात काय?"

"काका, आता मला काय माहीत! डोक्यावर लाल टोपी होती."

"लाल टोपी." त्यांनी लिहून घेतलं. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. "पुन्हा सांगा बरं, घंटेपासून."

मी पुन्हा सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग एकदम म्हणाले, "हे हिला दाखवायचं."

काकू महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. तीस वर्षं एकच वॉर्ड, आणि त्या वॉर्डाच्या खिडकीसमोर भिंत. हडपसरच्या त्यांच्या घराची खिडकीही शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. "तिची एकदाच कधीतरी तक्रार झाली," काका म्हणाले. "म्हणाली, सगळ्या जन्मात मला पाणी दिसणारी एक खिडकी मिळाली नाही. बास, एवढंच. नंतर बोललीच नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मॅडम. न बोललेलं फार टोचतं."

त्यांच्याकडंही पॉइंट होते. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात कंपनीच्या बैठका तेच भरवायचे आणि भरवणाऱ्याच्या नावावर थोडे थोडे पॉइंट पडायचे. ते घेण्याआधी ह्या गृहस्थानं साहेबांची लेखी परवानगी मागितली होती! साहेबांना ही भानगड काय तेच कळेना. त्यांनी हसत सही केली, आणि काकांनी तो कागद फायलीला लावला.

मग सुरू झालं वाट पाहणं. ह्यांचे पॉइंट पुरत आले की तिकडं खोलीचा भाव वाढायचा. "काका, दुसरं गाव बघा ना," आम्ही म्हणायचो. सगळ्या जगाला शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा हा माणूस इथं मात्र हट्टाला पेटला होता. तेच हॉटेल, तीच घंटा. सात वर्षं गेली. काकू निवृत्त झाल्या. आणि त्याच वर्षी एका सकाळी काकांनी प्रिंटरमधून बुकिंगचा कागद काढला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. पाच रात्री.

कुणी मफलर दिला, कुणी चहाची किटली. मी म्हटलं, "काका, काउंटरवर तळ्याकडची खोली मागा हं. पॉइंटवाल्यांना मागची देतात." ते खो खो हसले. "मला शिकवता?"

परत आले तेव्हा आम्ही पंधरावीस जण त्यांच्या टेबलाभोवती गोळा झालो आणि एका सुरात ओरडलो, "खोली नंबर?"

"दोनशे चौदा."

"न्याहारी?"

"पाव, चीज, अंडी. दही आपल्यासारखं नाही."

"खिडकीतून काय दिसलं?"

"तळं," म्हणाले. "सात वाजता बोटीची घंटा होते. बदकं रांगेनं येतात. लाल टोपीचा म्हातारा पाव घालतो." आम्ही टाळ्या वाजवल्या. मला तर भरूनच आलं. म्हटलं, बघा, सात वर्षांनीही म्हातारा आहे अजून!

दोन वर्षांनी माझेही पॉइंट साठले आणि आईला घेऊन तिथंच जायचं मी ठरवलं. काका म्हणाले, "ते नको, मॅडम. तिथं आता पूर्वीचं राहिलं नाही. मी तुम्हाला झकास दुसरं काढून देतो." गंमत म्हणजे आणखी कुणालाही ते तिथं पाठवत नव्हते. मला वाटलं, ह्यांना आपली जागा दुसऱ्याला द्यायची नाहीये. म्हातारपणी माणसं अशी होतात, असंही मनात म्हटलं. लाज वाटते आता. मी हट्टच धरला तेव्हा त्यांनी बुकिंग करून दिलं, आणि जाताना दोनदा बजावलं, "खोली मागून घ्या. विसरू नका."

मी मागितलीच. पण माझं शहाणपण बघा, मी म्हटलं, दोनशे चौदा द्या. त्यांना आनंद होईल. काउंटरवरच्या मुलीनं संगणकात पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "नक्की तीच?" मी म्हटलं, नक्की.

वर जाऊन मी पडदा सरकवला. समोर भिंत होती. हात लांब केला असता तर लागली असती. खाली स्वयंपाकघराचा धूर बाहेर टाकणारा पंखा घरघरत होता.

आई पलंगावर बसून म्हणाली, "हे दाखवायला एवढ्या लांब आणलंस? भिंत काय, आपल्या धायरीच्या घरालाही होती की."

मी मात्र खिडकीतून हलले नाही. घंटा माझी होती. बदकं माझी होती. लाल टोपीचा म्हातारा तर सबंध माझा. मी दिलेलंच सगळं काकांनी मला परत ऐकवलं होतं आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या.

खाली गेले. दोन्ही हात काउंटरवर ठेवले, हसले आणि तळ्याकडची खोली मागितली. त्या मुलीनं दोन मिनिटांत दुसरी किल्ली दिली. वर "सॉरी" म्हणाली. एवढंच होतं हो ते! मला असा राग आला काकांचा! अरे, जगाला शिकवलंत ना? मग तुमच्या तोंडाला काय झालं होतं? राग आला आणि तिथंच, त्या मुलीसमोर, रडू आलं.

पाचही दिवस सकाळी मी खिडकीत बसले. घंटा झाली, बदकं आली. लाल टोपीचा म्हातारा एकदाही आला नाही.

परत आल्यावर टेबलासमोर गेले. काकांनी चॉकलेट खणात टाकलं, वही उघडली. ह्या वेळी खोली नंबर काही त्यांनी विचारला नाही. एकदम खिडकीवर आले. "काय दिसलं?"

"तळं," मी म्हटलं. "दोनशे चौदाच घेतली होती, तुमचीच. बोटीची घंटा झाली. बदकं आली. म्हातारा आहे अजून, टोपी तेवढी विटलीय."

त्यांचं पेन थांबलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"हो का," म्हणाले. "आणि न्याहारी?"

"दही आपल्यासारखं नाही."

"नाहीच," ते म्हणाले, आणि खाली मान घालून लिहायला लागले. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधीही बोललो नाही.

पुढं कंपनीनं मोबाइलवरून बुकिंग सुरू केलं आणि ट्रॅव्हल डेस्क बंद झालं. काकांच्या जागी पाणी प्यायचं मशीन आलं. निरोपाच्या दिवशीही ते एका नव्या मुलीला तळवे टेबलावर ठेवायला शिकवत होते. फोन व्हायचे अधूनमधून. गेल्या वर्षी ते गेले. मी तेव्हा परदेशात होते, त्यामुळे काकूंना भेटायला गेले ती महिन्याभरानं.

काकूंनी चहा टाकला. शोकेसमध्ये बुद्धाची लहान मूर्ती होती आणि शेजारी तळ्याचा फोटो. माझी नजर गेलेली पाहून त्या म्हणाल्या, "हे तुमच्यामुळं दिसलं. घंटेचं तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

मी मान डोलावली.

"खोली काही तशी मिळाली नाही बरं का," त्या सहज म्हणाल्या. "भिंत होती. मी म्हटलं, अहो, मागून तर बघा. दोनदा खाली जाऊन आले आणि तसेच वर आले. म्हणाले, 'फुकटात आलोय, वर आणि कसं मागू? आईनं कधी कुणापुढं हात पसरू दिला नाही.' दुसऱ्यांना सांगायचे ते वेगळं. तुम्ही कामावर जाणारी माणसं, तुमचा हक्कच. स्वतःचा हक्क काही त्यांना कधी वाटला नाही." त्या हसल्या. "मग आम्ही रोज तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसायचो. मी तळं बघायची आणि हे तळ्याकडं पाठ करून हॉटेल बघायचे. ती तिसरी खिडकी तुझी होती, म्हणायचे. पाच दिवस तेच. मी म्हटलं, अहो, मागं वळा, पाणी इकडं आहे!"

मग त्यांनी कपाटातून ती लांबट वही काढली. "तुमच्यासाठी ठेवायला सांगितली होती."

मी त्या हॉटेलच्या नोंदींचं शेवटचं पान शोधून काढलं. वर त्यांची स्वतःची नोंद होती, इतरांसारखीच तीन रकान्यांत. दोनशे चौदा. पाव, चीज, अंडी. आणि तिसऱ्या रकान्यात, 'भिंत. मागायचं धाडस झालं नाही. हिची खिडकी माझ्यामुळं गेली.'

त्याच्या खाली माझी नोंद. दोनशे चौदा. दही आपल्यासारखं नाही. आणि खिडकीच्या रकान्यात, बारीक अक्षरात, 'तळं दिसलं म्हणाली. पोरीला सगळं कळलंय. तिनं माझी लाज राखली.'

सगळ्या वहीत मी मॅडम होते. त्या एका ओळीत पोरगी होते.

"चहा गार होतोय," काकू म्हणाल्या, "आधी तो घ्या बघू."