एका टोपलीतली पिल्लं

कूलरच्या ताट्यांवर पाणी पडलं की वाळ्याचा जो गार, मातकट वास सुटतो, त्या वासात ती पिल्लं जन्मली. मृग लागला होता, पण आभाळ रिकाम्या तव्यासारखं तापलेलं होतं. पाणी प्यायला मी माठाकडे वळले, तेव्हा माठाखालची रेती हलताना दिसली. आधी एक इवलं डोकं वर आलं, मग पाय, मग आगपेटीच्या काडीएवढं सगळं अंग. त्याने एक डोळा माझ्याकडे फिरवला आणि दुसरा दाराकडे.

ती अंडी दिवाळीनंतरची. घरामागचं मेंदीचं कुंपण तोडून तिथे सिमेंटची भिंत घालायला पाया खणत होते, तेव्हा फावड्याखाली त्यांची आई गेली; फांदीवरून झुलत झुलत चालणारी, रंग बदलणारी सरडी, आमच्याकडे जिला गिरगिट म्हणतात ती. बीळ बुजवता बुजवताच ती मेली असावी, कारण तिच्या पुढच्या पायांत ओली माती तशीच धरलेली होती. आत चिंचोक्यांएवढी पांढरी अंडी होती. ती मी पदरात घेतली आणि माठाखालच्या ओल्या रेतीत पुरली. हिवाळ्यात माठ उतरवला तरी रेती वाळू दिली नाही, आणि वैशाखात भिंतींतून झळा येऊ लागल्या तेव्हा दुपारभर त्या रेतीवर ओला तळहात ठेवून बसले.

खाप्याला माझ्या माहेरी कोंबडीची पिल्लं एकाच टोपलीखाली ठेवत, एकमेकांच्या उबेला. मीही या पिल्लांना तसंच एका टोपलीत ठेवलं आणि वर जुनं पातळ बांधलं. आंब्याच्या साली कुजवून चिलटं जमवली. वाटीतल्या पाण्याकडे ती पाहतही नव्हती, पानावरचा थेंब मात्र चाटत, म्हणून आत कढीपत्त्याची डहाळी ठेवून तिच्यावर पाणी शिंपडत राहिले.

"घरात चिलटं काहून पाळून राहिली वं?" सासूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या.

"तिले माणसायसंग बोलता येत नाही ना आई," धाकटी जाऊ म्हणाली, "म्हणून सरड्याचं बाळंतपण करून राहिली!"

सगळे हसले. मी सालीवरची चिलटं टोपलीत झटकत राहिले.

मग पिल्लं मरू लागली. सकाळी पातळ सोडलं की तळाशी एखादं काळ्या दोऱ्यासारखं पडलेलं असे. उरलेली टोपलीच्या कडांना, एकमेकांपासून जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब, भर उजेडात डोळे मिटून बसत. चिलट अगदी नाकावर बसलं तरी जीभ बाहेर येत नसे. काय चुकतंय ते कळेना, आणि कोणाला विचारावं तर माझी जीभही त्यांच्यासारखीच. देवापुढे हात जोडतात तसे मी त्या टोपलीपुढे जोडले. एक दिवस एक पिल्लू टोपलीत दिसेचना. मुंग्यांनी नेलं असेल, असं धरून मी न्हाणीचं दार लावून रडले.

ते सापडलं खिडकीबाहेर, कूलरच्या गळक्या नळीखाली वाढलेल्या कढीपत्त्यावर. हिरवंगार, पोट भरलेलं, एकटं. माझ्यासमोर त्याची जीभ सुटली आणि पानावरचं चिलट नाहीसं झालं.

मी तिथेच उभी राहिले. लग्नाच्या पंगतीत समोरचं माणूस बघत असलं की माझा घास तोंडातच फिरतो. आयुष्यभर घरी येऊन, ओट्याशी पाठ करून मी जेवले आहे. आणि या जिवांना मी रोज तशाच पंगतीत बसवत होते, मायेने, वरून पातळ बांधून.

उरलेली तीनही मी त्याच संध्याकाळी वेगळी केली. एक तुळशीवर, एक गोकर्णाच्या वेलावर; तिसऱ्याचे डोळे उघडतच नव्हते, त्याला मोगऱ्यावर ठेवलं.

"सख्खी भावंडं तोडून राहिली," सासूबाई म्हणाल्या. "पाप लागन ना वं."

"एकएकटंच राहू द्या त्यायले, आई." माझा आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकले. सासूबाई आत गेल्या.

आज दोनदा ढग आले आणि गेले. मी मोगऱ्यावर पाणी शिंपडते आणि नव्या भिंतीकडे तोंड करून उभी राहते. त्याने डोळे उघडले का, हे बघायला मान आपोआप वळू लागते. मी ती आवरते. मागे पानावरून एक थेंब खाली पडल्याचा आवाज येतो, आणि पुढच्या थेंबाची मी वाट बघते; तो खाली पडतच नाही.