कटिंगच्या टेबलावरचं पोहणं

सगळ्या बाजारात त्यांना वहिनी म्हणत. नवरा शिंपी, म्हणून तो 'मास्तर', आणि मास्तरांची बायको म्हणून या वहिनी. खरं तर दुकानातलं निम्म्याहून जास्त काम त्याच करत. पण मास्तर ही पदवी गळ्यात टेप घालून दारात उभ्या राहणाऱ्याला मिळते, आत बसून मशीन मारणाऱ्याला नाही.

वहिनींची एकच हौस राहून गेली होती, पोहण्याची. लहानपणी भाऊ पाण्यात उड्या मारायचे आणि या काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायच्या. लग्नानंतरच्या सहलींतही तेच. माणसं बदलली, कपडे बदलले, राखणदार त्याच. पन्नाशी उलटल्यावर एके दिवशी काज करता करता त्यांनी जाहीर केलं, "गुडघे बोलायला लागलेत. ते पुरते रुसायच्या आत मला एकदा समुद्रात पोहायचंय."

मास्तरांच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या पोटात जाता जाता राहिल्या.

"तू? बादलीत तांब्या पडला तरी किंचाळतेस!"

"तांब्या पडला म्हणून नाही, तुम्ही पाडता म्हणून किंचाळते."

शिकवायचा विडा भाऊजींनी उचलला. भाऊजी म्हणजे मास्तरांचे धाकटे बंधू. ते पालिकेच्या तरणतलावावर तिकिटं फाडायचे. उभी नोकरी तलावाकाठी गेली, पण अंगाला पाणी लागलं ते घरच्या न्हाणीघरातलंच. तरी पोहण्यावर बोलायला लागले की ऐकणाऱ्याच्या नाकात पाणी जाई.

"वहिनी, पोहणं बघून येतं. तिकिटाच्या खिडकीतून मी इतकं बघितलंय, की आता मला ओलं व्हायची गरजच नाही."

तलावावर बायकांची वेळ म्हणजे नेमकी दुकानातल्या गर्दीची. म्हणून शाळा दुकानातच भरली, शटर अर्धं ओढून, कटिंगच्या टेबलावर. वहिनी पालथ्या, पोटाखाली अस्तराचा गठ्ठा, आणि खुर्चीत रेलून भाऊजी, "हात पुढे! पाय मारा! तोंड बाजूला, श्वास!" टेबल कण्हायचं, कात्र्या नाचायच्या. एकदा एक गिऱ्हाईक पँटची उंची कमी करून घ्यायला आलं. त्याने शटरखालून वाकून आत बघितलं आणि लांब पँटच बरी म्हणून परत गेलं. पण वहिनींनी हट्ट सोडला नाही. हळूहळू हात असे लयीत पडू लागले, की टेबल कधी दाराबाहेर निघेल याचा नेम राहिला नाही.

शाळांच्या गणवेशांचं काम संपलं की शिंप्याला मान वर करायला फुरसत मिळते, आणि नेमका तेव्हाच पाऊस लागतो. म्हणजे समुद्रासाठी वहिनींनी हेरून ठेवलेल्या बेटावर जायचं तर भर पावसात.

"लोक उन्हात जातात," मास्तर कुरकुरले.

"लोकांना कोरडं राहायचं असतं. मला ओलंच व्हायचंय."

मास्तरांनी छत्री शोधली, आणि गुरू म्हणून भाऊजीही बरोबर निघाले.

बेटावर पाऊस असा, की ढग तिथे भाड्याने राहत असावेत. लॉजच्या पत्र्यावर तो एवढा वाजे, की नवराबायकोला भांडणसुद्धा खुणांनी करावं लागे. चादरी दमट, चपलांना बुरशी. न्हाणीघरात एक बेडूक आधीच मुक्कामाला होता. त्याला हाकलायला गेलेल्या मास्तरांकडे त्याने असं रोखून बघितलं, की मास्तरच 'सॉरी' म्हणून बाहेर आले. आणि किनाऱ्यावर पोहायला बंदी सांगणारा लाल झेंडा. रोज सकाळी वहिनी खिडकीशी जायच्या, रोज झेंडा तिथेच. गणवेशांच्या उरलेल्या निळ्या कापडातून शिवलेला त्यांचा पोहायचा पोशाख, कोपरापर्यंत बाह्यांचा आणि सवयीने खिसा लावलेला, खुंटीवर टांगल्या टांगल्याच ओला झाला होता.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनी जेवल्या नाहीत. बोलल्याही नाहीत. बायको गप्प बसावी ही मास्तरांची जुनी इच्छा, पण ती पुरी झाल्यावर त्यांना घास गिळेना. ते छत्री घेऊन तडक बाहेर पडले आणि एका होडीवाल्याला हाताला धरूनच घेऊन आले.

"समोरच्या बाजूला नको," होडीवाला म्हणाला. "मागे खडकांची भिंत आहे. तिच्या आत पाणी झोपलेलं असतं. पण मध्ये पाय टेकत नाहीत. मी होडी बाजूने ठेवतो. ताई, पोहता येतं ना?"

"टेबलावर येतं," मास्तर बोलून गेले.

होडीवाल्याने क्षणभर विचार केला. "टेबल बुडालं तर नाही ना? मग चला."

मागच्या बाजूला बारीक पाऊस होता. पाणी हिरवं, शांत आणि कोमट. पलीकडे खडकांच्या पायथ्याशी वाळूची पट्टी. वहिनींनी अंगावरचा कोट आणि टॉवेल मास्तरांच्या हातात कोंबला. "धरा. सांभाळा नीट."

कमरेइतक्या पाण्यात जाऊन त्यांनी अंग टाकलं आणि त्या तळाला भेटून आल्या. खोकत, थुंकत उभ्या राहिल्या.

"भाऊजी, टेबल खारट नव्हतं!"

"पाय मारा, वहिनी! टेबल आठवा!"

दुसऱ्यांदा अंग टाकलं आणि पाण्याने ते उचललं. हात पडला, पाय पडला, तोंड बाजूला, श्वास. वहिनी निघाल्या! काठावर दोघं भाऊ छत्रीसकट नाचले. थोडं जाऊन परत यायचं असं ठरलं होतं. थोडं झालं, जास्त झालं, वहिनी आपल्या सरळच.

"अगं, बास! वळ आता!"

"वळू कशी?" पाण्यातून आवाज आला. "वळायचं शिकवलंय कुठे?"

मास्तरांनी मान फिरवून भावाकडे बघितलं. भाऊजींचा चेहरा कागद झाला होता.

"दादा, माझ्या खिडकीतून मधलाच पट्टा दिसतो. लोक इकडून तिकडे जाताना दिसायचे."

"आणि परत कसे यायचे?"

"मला वाटायचं, परत येतात ते दुसरेच. पहिले तिकडूनच घरी जातात."

होडी शेजारी आली. "ताई, कड धरा." वहिनींचा हात वर उठलाही. दमल्या होत्या, डोळ्यांत मीठ गेलं होतं, खाली पाय टेकत नव्हते. पण कड धरली की संपलं, हे त्यांना ठाऊक होतं. उद्या परतीची लाँच, परवा मशीन.

"होडी लांब घ्या," त्या म्हणाल्या. "सरळ जायचं तर येतं मला."

तेवढ्यात पावसाने पडदाच पाडला. काठावरून होडी दिसेना, वहिनी दिसेनात. कोट डोक्यावर धरून मास्तर गुडघाभर पाण्यात शिरले.

मग सर ओसरली. पलीकडच्या वाळूवर एक निळी आकृती उभी होती. खिशातून पाण्याची धार लागली होती, आणि दोन्ही हात आभाळात.

"बसा होडीत, सोडतो," होडीवाला म्हणाला.

वहिनींनी दम खाल्ला. मग वाळूवर चार पावलं चालून, नवऱ्याच्या दिशेने तोंड करून, त्या नीट सरळ उभ्या राहिल्या.

"वळणं जमिनीवर उरकलं," त्या म्हणाल्या, आणि पाण्यात शिरल्या.

हात, पाय, श्वास. या खेपेला घाई नव्हती. मास्तर आख्ख्या बेटाला ऐकू जाईल असं ओरडत होते, "माझी बायको आहे ती! माझी बायको!" ऐकायला शेजारी उभे भाऊजी तेवढे होते, पण तेही "कोण, कोण?" असं विचारत होते, म्हणजे मास्तरांना पुन्हा सांगता यावं.

वहिनी काठाला लागल्या. नवऱ्याने पुढे केलेल्या टॉवेलकडे त्यांनी नुसतं बघितलं.

"राहू द्या तुमच्याजवळच," त्या म्हणाल्या, आणि वाळूवर गर्रकन वळून परत पाण्याकडे निघाल्या.